घर हलवायचंय: आत्तापासून आवरायला घ्यायचं की शेवटच्या आठवड्यात एकदम?

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी,
बरोब्बर पाच आठवड्यांनी आम्ही घर बदलतोय. गाव तेच, टोक दुसरं. नवीन घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण चार माणसं उभी राहिली की पाचव्याने जिन्याने यायचं एवढीच. या घरात १४ वर्षं झाली. माणसं चार: मी, नवरा, ९ वर्षांची लेक आणि सासरे (वय ८१, तब्येत ठणठणीत, वस्तू टाकायला ठाम विरोध).

तर मी म्हणतेय आजपासून रोज एक खण आवरायला घेऊ. नवरा म्हणतो, "अगं माणसं येतात, सकाळी सुरू करतात, संध्याकाळी ट्रक भरून निघतात, तू आत्तापासून खोकी भरलीस तर पाच आठवडे चमचा शोधत बसायचं का?" आता त्याचंही अगदीच चुकीचं वाटत नाही, आणि काल मी माळ्यावरचा फक्त एक पेटारा खाली काढला त्यात तीन तास गेले आणि शेवटी तो होता तसाच परत वर ठेवला. अनुभवी लोकांनो, सांगा, कोण बरोबर? (नवरा हे वाचणार आहे.)

टेबलफॅन
नवरा चूक. पुढचा प्रश्न?

वाचनमात्र_१
वाचतेय. आम्हालाही पुढच्या वर्षी हलायचंय.

विंचवाचं_बिऱ्हाड
आमची बदलीची नोकरी, १९ वर्षांत ११ घरं, त्यामुळे अधिकारवाणीने बोलतो :)

खिडकीपाशी ताई, तुम्ही दोघं भांडताय ते दोन वेगळ्या कामांवरून. आवरणं वेगळं आणि बांधणं वेगळं. बांधायला खरंच एक दिवस पुरतो, माणसं सराईत असतात, तुमचे यजमान म्हणतात ते खरं आहे. आवरायला मात्र महिना लागतो, कारण प्रत्येक वस्तूपाशी थांबून ठरवायचं असतं, हे ठेवायचं, द्यायचं, का टाकायचं. ते ठरवायला घरचंच माणूस लागतं. बांधणारा काहीही ठरवत नाही, त्याच्यासमोर येईल ते तो कागदात गुंडाळतो. आमच्या चौथ्या घराच्या वेळी कचऱ्याचा डबा आतल्या कचऱ्यासकट नवीन घरी आला. आणि काय सुंदर गुंडाळला होता, तीन थर, वर लाल अक्षरात 'नाजूक'. उघडला तेव्हा पाच दिवस झाले होते.

दुसरं, तुमचे तीन तास गेले कारण सुरुवात चुकीच्या जागी केलीत. पेटारा, फोटोंचे अल्बम, जुनी पत्रं, मुलीच्या पहिल्या वर्षाचे कपडे, यांना पहिल्या आठवड्यात हात लावायचाच नाही. माणूस एक अल्बम उघडतो आणि रात्र होते. सुरुवात औषधांच्या कपाटापासून करा. मुदत संपलेल्या गोळ्यांमध्ये कुणाचा जीव अडकलेला नसतो. मग बाथरूम, मग चपलांचं कपाट, मग गॅलरी. टाकायची सवय लागते, हात चालायला लागतो, आणि पेटाऱ्यापर्यंत पोचाल तेव्हा मन जरा निबर झालेलं असतं.

टेबलफॅन
पाच दिवसांचा कचरा... हसून हसून पुरेवाट

खिडकीपाशी
विंचू, हे मस्त आहे. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "बघ, ते म्हणतायत मी बरोबर आहे." औषधांचं कपाट उद्या.

अर्धवट_झोप
मी कुठेतरी वाचलं होतं की मृत्यू आणि घटस्फोटानंतर घर बदलणं हाच आयुष्यातला तिसऱ्या नंबरचा ताण असतो म्हणे. तेव्हा स्वतःला फार दोष देऊ नका.

दीडशहाणा_क्र२
@अर्धवट_झोप, हे सगळीकडे फिरतं पण मूळ यादीत तसं नाहीये. होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये ताण देणाऱ्या ४३ प्रसंगांची यादी केली होती, प्रत्येकाला गुण दिलेले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, आणि घर बदलणं फक्त २०. म्हणजे लग्नाच्या निम्म्याहून कमी.

आणि सासरच्यांशी खटके, २९.

टेबलफॅन
म्हणजे सासऱ्यांना विचारून वस्तू टाकल्या तर २०, न विचारता टाकल्या तर ४९.

अर्धवट_झोप
=)) बरं, माघार.

दीडशहाणा_क्र२
एक आहे पण, घर बदलताना माणूस एकटं घर बदलत नाही. त्याच यादीत शाळा बदलली की आणखी २०, झोपेचं तंत्र बिघडलं की १६, अशी बेरीज होते. तिसरा नंबर नसला तरी पाठोपाठची भावंडं बरीच आहेत.

पाना_पक्कड
धागा भावनिक होतोय म्हणून थोडं यंत्रांबद्दल. मी गेली बरीच वर्षं घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत आहे, आणि लोक घर बदलतात त्याच्या पुढच्या आठवड्यात मला फोन करतात. तो फोन वाचवायचा असेल तर:

फ्रिज. आदल्या दिवशी, निदान २४ तास आधी रिकामा करून बंद करा, दार उघडं ठेवा, बर्फ पूर्ण वितळू दे, खालचा पाण्याचा ट्रे ओता. नाहीतर ते पाणी ट्रकमध्ये तुमच्या गाद्यांवर. नेताना उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये जातं. उभा आला असेल तर लावण्याआधी तीनचार तास थांबा, आडवा आणलाच असेल तर पूर्ण दिवस उभा राहू दे आणि मगच बटण. "लावून बघू चालतो का" हे करू नका. त्या "बघू" मध्येच कॉम्प्रेसर जातो.

समोरून उघडणारं वॉशिंग मशीन. यातला ड्रम स्प्रिंगवर लटकलेला असतो. नवीन मशीन येतं तेव्हा मागच्या बाजूने तीन किंवा चार लांब बोल्ट लावून तो ड्रम घट्ट धरलेला असतो, त्यांना ट्रान्झिट बोल्ट म्हणतात. बसवताना ते काढतात आणि बसवणारा सांगून जातो, "जपून ठेवा, परत हलवताना लागतील." ते परत लावूनच मशीन हलवायचं, नाहीतर ड्रम गचके खात जातो आणि नंतर फिरताना मशीन अख्ख्या बाथरूममध्ये चालतं. पाइप आणि खालचा फिल्टर काढून आतलं पाणीही सांडून टाका, बंद केल्यावरही बरंच उरलेलं असतं.

टीव्ही उभाच. आडवा टाकून वर गादी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

कपाटं, पलंग सोडवलेत की त्याचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून ती पिशवी त्याच वस्तूला आतून चिकटवा. सगळ्यांचे स्क्रू मिळून एका डब्यात टाकू नका, मग नवीन घरी बसून रांगोळी घालायची.

गच्चीवरची
माझी भर: टीव्हीच्या आणि कॉम्प्युटरच्या मागच्या वायरींचा काढण्याआधी फोटो काढा. आम्ही नाही काढला. दीड वर्ष झालं, दोन वायरी उरल्यात, सगळं चालतंय, पण रात्री झोप लागत नाही.

खिडकीपाशी
@पाना_पक्कड, आमचं मशीन समोरून उघडणारंच आहे, ७ वर्षं झाली. ते बोल्ट. हो, मला आठवतंय त्या माणसाने हातात दिले होते. तेवढंच आठवतंय. न सापडल्यास काय?

पाना_पक्कड
न सापडल्यास मॉडेल नंबर देऊन नवीन मागवता येतात, पण यायला वेळ लागतो, म्हणून आजच शोधा. प्रवास अगदी जवळचा असेल तर ड्रम आणि बॉडीच्या मधे फोम, जाड टॉवेल दाबून बसवून, मशीन उभं ठेवून नेतात लोक. तो उपाय नव्हे, तडजोड आहे.

टेबलफॅन
बोल्ट पेटाऱ्यात असणार. लिहून ठेवा.

सुतळी
मी या विषयातली जरा वेडी बाई आहे असं घरचे म्हणतात, तर म्हणू देत.

खोक्यावर आतलं सामान लिहू नका, नंबर लिहा, आणि नंबर वरच्या झाकणावर न लिहिता दोन बाजूंना लिहा, कारण एकावर एक रचलं की झाकण दिसत नाही. आत काय आहे ते वहीत किंवा मोबाईलमध्ये, नंबरापुढे. याचे दोन फायदे. एक म्हणजे बाहेरच्या माणसाला 'कॅमेरा' किंवा 'चांदी' वाचायला मिळत नाही. दुसरा, ट्रक रिकामा झाल्यावर ३७ नंबर आलाच नाही हे तिथल्या तिथे कळतं, माणसं निघून गेल्यावर नाही. नंबराखाली खोलीचं नाव लिहायचं ते नवीन घरातल्या खोलीचं. जुन्या घरात जे 'हॉल' मधे होतं ते तिकडे अभ्यासाच्या खोलीत जाणार असेल तर 'हॉल' लिहून काय उपयोग, उचलणारा ते हॉलमध्ये ठेवून जाणार आणि मग तुम्ही ढकलत बसणार.

आणि 'इतर' असं कुठल्याही खोक्यावर लिहायचं नाही. कधीच नाही. 'इतर' म्हणजे विहीर.

पुस्तकं लहान खोक्यात. एक घनफुटाच्या खोक्यात गच्च पुस्तकं भरली की १८-२० किलो सहज होतात, म्हणजे मोठं खोकं भरलंत तर ते जमिनीलाच राहणार किंवा उचलल्यावर बूड सुटून पायावर येणार. मोठ्या खोक्यात उशा, पांघरुणं. ताटं-बशा आडव्या रचू नका, फाइल ठेवतो तशा उभ्या लावा, खाली वर कागदाचे बोळे, उभी बशी गचका जास्त सोसते. रद्दी पेपर थेट पांढऱ्या भांड्यांना लावू नका, शाई लागते, आधी एक कोरा कागद.

दीडशहाणा_क्र२
उत्तम प्रतिसाद. फक्त एक, स्वतः भरलेल्या खोक्यातली वस्तू फुटली तर विम्यात बहुतेकदा भरून मिळत नाही, कंपनीच्या माणसाने भरलेली असेल तरच. सही करण्याआधी ती ओळ वाचा. फार नाजूक आणि महाग असेल ते एकतर त्यांना भरू दे, नाहीतर मांडीवर घेऊन जा.

सुतळी
@दीडशहाणा, हे मला माहीत नव्हतं. आणि मी सगळं स्वतःच भरलं होतं. बरं झालं काही फुटलं नाही, आता घाम फुटला.

काटकोन
सोफ्याचं कुणीच बोललं नाही अजून. खिडकीपाशी, तुमची लिफ्ट लहान म्हणताय, म्हणजे सोफा जिन्याने जाणार. नवीन घरी जाऊन टेप लावा: लिफ्टचं दार, घराचं दार, आणि जिन्याचं वळण. लोक दार मोजतात आणि वळण विसरतात, अडकतो तो वळणावर.

थोडं अवांतर. याच वळणावर गणितातला एक प्रसिद्ध प्रश्न आहे, त्याचं नावच सोफ्याचा प्रश्न. एक एकक रुंदीचा बोळ काटकोनात वळतो, तर त्यातून न उचलता सरकवत नेता येईल असा जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा सोफा कोणता? लिओ मोझर याने १९६६ मध्ये हा विचारला. १९९२ मध्ये गर्व्हर याने १८ तुकड्यांच्या कडा असलेला एक आकार दिला, क्षेत्रफळ साधारण २.२१९५. पण याहून मोठा नसेलच हे सिद्ध होत नव्हतं. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कोरियाच्या जिनऑन बेक यांनी शंभरावर पानांची सिद्धता मांडली की गर्व्हरचाच सर्वात मोठा. म्हणजे एक सोफा वळवायला माणसाला ५८ वर्षं लागली.

टेबलफॅन
आमच्या सोफ्याला चार माणसं आणि माझ्या मेव्हण्याच्या सूचना लागल्या. वेळ साधारण तेवढाच.

पाना_पक्कड
काटकोन साहेब, गणितातला सोफा उभा करता येत नाही ना पण. आपला येतो. बहुतेक सोफे टोकावर उभे करून वळतात. आधी पाय काढा, बरेचदा फिरवून निघतात. दार बिजागरीतून काढलं तर इंच-दीड इंच मिळतो, तेवढ्यात काम होतं.

काटकोन
ते तिसरं परिमाण वापरणं झालं, चीटिंग आहे.

रविवारचा_कंटाळा
मूळ प्रश्नाकडे. मी नवऱ्याच्या बाजूने आहे (कुणीतरी असायला हवं). एक साधा नियम: वर्षभरात वापरलं नसेल ते टाका. भावना-बिवना नको. आम्ही अख्खं घर चार दिवसांत संपवलं आणि आजतागायत कशाचीही आठवण आली नाही.

सुतळी
वर्षभर न वापरलेलं टाका म्हणणाऱ्यांच्या घरी ड्रिल मशीन नसतं. ते आमच्याकडे येतात मागायला.

विंचवाचं_बिऱ्हाड
+१ सुतळी. तो नियम कपड्यांना चालतो, हत्यारांना नाही, आणि कागदांना तर अजिबात नाही. घराची कागदपत्रं, दाखले, जुने वैद्यकीय रिपोर्ट, हे दहा वर्षांत एकदा लागतात आणि तेव्हा जीव जातो. ही फाइल, पासपोर्ट, दागिने, हार्ड डिस्क, रोजची औषधं हे ट्रकमध्ये जाणारच नाही. आपल्यासोबत, एका पिशवीत, आणि ती पिशवी आदल्या रात्रीच बंद खोलीत किंवा शेजाऱ्यांकडे ठेवायची, कारण हॉलमध्ये दिसली की बांधणारा तिलाही बांधतो. माझा चष्मा असाच गेला. टेबलावर काढून ठेवला, तोंड धुऊन येईपर्यंत टेबलासकट गुंडाळला होता. दोन दिवस नंबरचा गॉगल लावून घरात वावरलो, रात्रीसुद्धा.

टेबलफॅन
नवीन शेजाऱ्यांवर काय छाप पडली असेल.

विंचवाचं_बिऱ्हाड
अजून थोडं घाबरून असतात.

रविवारचा_कंटाळा
बरं बाबांनो, ड्रिल ठेवा. पण माळ्यावर रिकामी खोकी ठेवली असतील, "हलवताना लागतील" म्हणून, त्यांचं काय? दहा वर्षं टीव्हीचं खोकं, आणि टीव्हीच बदलला.

खिडकीपाशी
आमच्याकडे अशी नऊ खोकी आहेत. नवरा म्हणतोय पुढे चर्चा नको.

मनीमाऊची_आई
घरात प्राणी असलेल्यांसाठी. सामान हलायच्या दिवशी दारं सताड उघडी असतात, अनोळखी माणसं, आवाज, आणि मांजर निघून जाते ती याच दिवशी. सगळ्यात आधी बाथरूम किंवा एक खोली रिकामी करून मांजराला त्यात ठेवायचं, पाणी, मातीचा ट्रे, तिचं अंथरूण, आणि दारावर ठळक पाटी "उघडू नका". नवीन घरीही आधी एकच खोली, तिच्या ओळखीच्या वासाचं अंथरूण न धुता. बाहेर जाणारं मांजर असेल तर निदान दोन-तीन आठवडे बाहेर सोडायचं नाही, नाहीतर ते जुन्या घराकडे चालू लागतं. आमचं गेलं होतं. नवीन भाडेकरूंनी फोन केला, म्हणाले तुमचं एक सामान राहिलंय.

वाचनमात्र_१
माशांचं कसं करायचं कुणाला माहितीये का?

मनीमाऊची_आई
भरलेली टाकी कधीही उचलायची नाही, काच तडकते. मासे टाकीतल्याच पाण्यात, पिशव्यांत नाहीतर झाकणाच्या बादलीत. मुख्य म्हणजे फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही आणि वाळूही द्यायचा नाही, टाकीच्या पाण्यात भिजलेला न्यायचा. घाण पचवणारे जीवाणू त्या स्पंजात आणि खालच्या खड्यांत असतात, पाण्यात फारसे नसतात. स्पंज वाळला की टाकी पहिल्यापासून तयार करायची.

वाचनमात्र_१
धन्यवाद! मला वाटायचं पाणी न्यायचं असतं सगळं.

उंबरठा_जुना
धागा वाचत होते, हसतही होते. खिडकीपाशी, तुम्ही सासऱ्यांबद्दल कंसात एक ओळ लिहिलीत, त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आम्ही आईला ७९ व्या वर्षी हलवलं. आम्ही भावंडांनी ठरवलं की तिला त्रास नको, म्हणून आठ दिवस मावशीकडे पाठवलं आणि तेवढ्यात सगळं आवरून, टाकून, नवीन घर लावून तिला थेट तिथे आणलं. सगळं छान, नवं, स्वच्छ. ती आली, फिरून बघितलं, छान आहे म्हणाली आणि खुर्चीत बसली. पुढचे दोन महिने ती पाहुण्यासारखी बसायची. पाणी हवं असलं तर मागायची. तिच्या घरी ती अंधारातसुद्धा डबा काढायची, इथे तिला उजेडात सापडत नव्हता आणि विचारायची लाज वाटायची. टाकलेल्या वस्तूंबद्दल ती एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आज करायचं झालं तर मी दोन गोष्टी करेन. तिच्या कपाटाचा, पलंगाशेजारच्या टेबलाचा, देव्हाऱ्याचा नाहीतर रेडिओचा, जे काही तिचं रोजचं असेल त्याचा फोटो काढून तिकडे तस्संच लावेन, डावीकडचं डावीकडे. आणि टाकायचं ते तिच्यासमोर, तिच्या हाताने. वेळ लागेल. पाच आठवडे त्यासाठी हवेत, खोक्यांसाठी नकोत.

अर्धवट_झोप
...

विंचवाचं_बिऱ्हाड
उंबरठा, यापुढे मी अधिकारवाणी वगैरे म्हणणार नाही. ११ घरं बदलली पण आईवडिलांना घेऊन एकदाही नाही.

खिडकीपाशी
उंबरठा ताई, रात्री नवऱ्याला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. सकाळी उठून बाबांच्या खोलीत गेला आणि दोघं मिळून खिळ्यांचे डबे निवडत बसलेत. अडीच तास झाले. आत्तापर्यंत तीन खिळे टाकलेत.

टेबलफॅन
प्रगती आहे. वाकडे होते का?

खिडकीपाशी
एक वाकडा. दोन "फारच वाकडे".

गच्चीवरची
शेवटच्या दिवसाचं कुणीतरी लिहा ना, आमचा शेवटचा दिवस म्हणजे युद्ध होतं.

सुतळी
शेवटच्या दिवसासाठी 'पहिल्या रात्रीचं खोकं'. ट्रकमध्ये सर्वात शेवटी चढवायचं म्हणजे सर्वात आधी उतरतं, किंवा गाडीत आपल्याबरोबर. यात चादरी, टॉवेल, साबण, एक बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, चार्जर, स्क्रू ड्रायव्हर, कात्री (कात्री नसेल तर बाकीची खोकी दाताने उघडावी लागतात), चार ताट-वाट्या, टॉयलेट पेपर, पडदा किंवा जुनी चादर आणि सेलोटेप, कारण पहिल्या रात्री खिडक्यांना पडदे नसतात हे रात्री दिवा लावल्यावर कळतं. मुलांच्या खेळण्यांतले सेल काढून ठेवा. आमचा एक बोलका ससा ट्रकमध्ये दाबला गेला आणि सगळी वाट "मला मिठी मार" म्हणत होता, ड्रायव्हरने दोनदा ट्रक थांबवून बघितलं.

दीडशहाणा_क्र२
निघताना रिकाम्या घराचे सगळ्या भिंतींसकट फोटो, मीटरच्या आकड्यांचे फोटो. भाड्याचं असेल तर अनामत रकमेचा वाद तिथेच मिटतो. नवीन घरी सामान आत येण्याआधीही असेच फोटो, आधीचे ओरखडे तुमच्या नावावर नकोत. आणि इंटरनेटची जोडणी निदान दोनेक आठवडे आधी सांगून ठेवा. गॅस सिलिंडर, रंग, थिनर, पेट्रोल हे बंद ट्रकमध्ये देऊ नका, चांगली माणसं घेतही नाहीत. पॉवर बँका आपल्याजवळ.

पाना_पक्कड
खिडकीपाशी, बोल्ट?

खिडकीपाशी
नाही. पेटाऱ्यातही नाहीत. टेबलफॅन, तुम्ही पैज हरलात.

*(पाच आठवड्यांनी)*

खिडकीपाशी
मंडळी, पोचलो. आज नवीन घरात चौथा दिवस. इतक्यांनी इतकं लिहिलंत तर हिशोब द्यायलाच हवा.

आवरायला पाच आठवडे लागले, बांधायला एक दिवस. म्हणजे विंचू बरोबर. नवरा म्हणतो म्हणजे मी बरोबर. असो. औषधांच्या कपाटापासून सुरुवात केली, त्यात २०१६ साली संपलेलं एक मलम निघालं, ते टाकताना जो जोर आला तो तीन आठवडे टिकला. चौथ्या आठवड्यात आम्ही दोघंही थकलो, भांडलो, एक शनिवार काहीच केलं नाही आणि त्यानंतर जे जसं आहे तसं खोक्यात गेलं हे कबूल करते. सुतळी, माफ करा, चार खोक्यांवर 'इतर' लिहिलंय.

सोफा जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकला. पाय काढून, उभा करून, तिसरं परिमाण वापरून गेला. लेकीने वर उभं राहून काटकोन काकांचं गणित उचलणाऱ्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यातला एक म्हणाला, बाळा, तो बोळातला सोफा कोण उचलणार होतं?

वॉशिंग मशीनला मॉडेल नंबर देऊन नवीन बोल्ट मागवले, निघायच्या दोन दिवस आधी आले. नीट चालतंय, चालत नाहीये.

बाबा. त्यांची खोली आम्ही सगळ्यात आधी लावली, फोटो समोर धरून. खिळ्यांचे डबे, रेडिओ, खुर्चीला उजवीकडे खिडकी. पहिल्या रात्री ते दोनदा उठून जुन्या घराच्या बाथरूमच्या दिशेने गेले आणि भिंतीपाशी थांबले. तिसऱ्या रात्री मी जागी होते, बरोबर वळले. काल त्यांनी स्वतःहून माझ्या हातात एक जुनी पिशवी दिली, म्हणाले यातलं काही लागणार नाही आता, टाक.

टाकायच्या आधी उघडून बघितली. त्यात ट्रान्झिट बोल्ट होते. चारही. वर कागद, त्यांच्या अक्षरात: "मशीनचे. घर बदलल्यास लागतील."

टेबलफॅन
सात वर्षं!! आणि कुणी त्यांना विचारलंच नाही?

खिडकीपाशी
नाही ना.

पाना_पक्कड
काकांना माझा नमस्कार सांगा. आणि बोल्ट परत त्यांच्याकडेच द्या.

सुतळी
सगळं छान. ते चार 'इतर' कधी उघडताय?

वाचनमात्र_१
माझा एक प्रश्न राहिला, टाकीतले खडे पण ओलेच न्यायचे का?

मनीमाऊची_आई
हो, ओलेच. वेगळ्या बादलीत, जड होतात.